टर्बोची शिट्टी

दिघ्याचा अंकुश महापेच्या गॅरेजात वीस वर्षं इंजिनं बांधत होता. तरी शेठने टर्बो गाडीचं ट्यूनिंग नव्या दीक्षाकडे दिलं. ड्रॅग स्ट्रिपवरच्या, म्हणजे शर्यतीच्या सरळ पट्ट्यावरच्या, चाचणीत तिने लॅपटॉपवर आकडे बदलले आणि गाडी अर्धा सेकंद लवकर पोचली. शेठने तिचं तोंडभर कौतुक केलं, तेव्हा अंकुशचा जळफळाट झाला.

पुढच्या फेरीआधी टर्बोच्या पाइपातून हवा गळल्याची बारीक शिट्टी त्याला ऐकू आली. तो गप्प राहिला. गाडीला जास्त वेळ लागला, तसं त्याला बरं वाटलं.

"दादा, माझं काय चुकतंय तेच कळत नाय. तुमी जरा ऐकून बघा ना," दीक्षा म्हणाली.

त्याने पाइपाचा सैल झालेला क्लॅम्प आवळला. गाडी सुसाट गेली.

"दादांनीच पकडलं," तिने शेठला सांगितलं. अंकुशला मान वर करवेना.