आजीला पुरेल एवढा संगणक

लेकरांनो, राग अजून उतरलेला नाही, तरी सगळं क्रमाने लिहिते.

तुमच्या आजोबांनी जाण्याआधीच्या हंगामात, कुरुंद्याच्या शेतात हळद शिजवताना, माझ्या मोबाइलमध्ये बरंच बोलून ठेवलं आहे. सगळे तुकडे. कुठे वाफेत ते दिसतच नाहीत, कुठे मध्येच मजुरांवर ओरडतात. ते जोडून तुमच्यासाठी एक सलग व्हिडिओ करायचा आणि खाली साध्या मराठीत ओळी द्यायच्या, कारण त्यांची बोली तुम्हाला कळत नाही. त्यासाठी मला संगणक हवा होता.

हिंगोलीच्या दुकानदाराला मी हे काम नीट समजावलं. त्याने मान डोलावली, चहा मागवला आणि पुण्याला तुमच्या बाबांना फोन लावला. आमच्याकडे ही रीतच आहे. बाई समोर उभी असो, पेन्शन तिची असो, होकार मुलाचा घ्यायचा. बाबांनी साधाच द्यायला सांगितलं. घरी डब्याएवढा संगणक आला.

पत्र लिहायला तो उत्तम होता. बातम्या, फोटो, तुमच्याशी बोलणं, कशाबद्दलच तक्रार नाही. पण तुकडे जोडायला घेतले की त्याचा पंखा घरघरायचा आणि आजोबांचा चेहरा उघड्या तोंडाने तसाच थांबायचा. त्या चेहऱ्याकडे बघत बसणं मला सहन होईना.

मी तो पिशवीत घालून दुकानात परत नेला.

"आजी, भजनं ऐकायला, रेसिपी बघायला हा बराबर आहे," दुकानदार म्हणाला. "लई ताकदीचा घेऊन काय करता?" आणि त्याने पुन्हा फोन उचलला.

मी फोनवर हात ठेवला. "त्याला काहून विचारता? काम माझं आहे, आणि ते मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मग त्याने मोठा संगणक काढला. मी तिथेच तुकडे जोडून बघितले. आजोबा न अडकता बोलले, "काडी टोचून पाहा, आत गेली की हळद शिजली."

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मी निघाल्यावर दुकानदाराने त्यांना विचारलंच होतं, मोठा दिलाय, चालेल ना. बाबा हसत म्हणाले, "मी हो म्हटलं, आई."

"तुला कोणी विचारलं?" मी म्हणाले, फोन ठेवला आणि पुढचा तुकडा जोडायला घेतला.