दोन दीपगृहांमधला काठ

आमच्याकडे कयाधू नदीला कोणी वाहून गेलं की माणसं काठाने पाण्याच्या खालच्या बाजूला शोधत जातात. एखाद्या वळणावर, बाभळीच्या झुडपात अडकलेलं सापडतं. उशिरा का होईना, सापडतं. म्हणून मी आणि माझे धाकटे दीर कोकणात गेलो तेव्हा वाटलं होतं, नवरा सापडेल. जिवंत नाही, एवढं मनाने धरलं होतं.

ते मासेमारीच्या बोटीवर कामाला गेले होते. जुन्या दीपगृहासमोर जाळं ओढताना पाण्यात पडले, असं बोटीच्या मालकाने फोनवर सांगितलं.

त्या दीपगृहाखाली उभं राहून दिरांनी पाण्यात काटकी टाकली. ती डावीकडे सरकली.

"वहिनी, पाणी तिकडं चाललंय. आपून तिकडंच जाऊ."

डावीकडे लांब दुसरं दीपगृह दिसत होतं, पांढरं, काळ्या पट्ट्यांचं. आम्ही निघालो. पाणी निळं होतं, ऊन कोवळं. फिरायला आलेली माणसं हसत होती. मी प्रत्येक खडकामागे वाकून बघत होते. एका पोरीने थांबवलं.

"मावशी, आमचा फोटो काढा ना. मागे लाइटहाऊस आलं पाहिजे."

मला नाही म्हणता येत नाही. काढला.

"हात हलला मावशी, परत!"

परत काढला.

दुसऱ्या दीपगृहाच्या फाटकाशी राखणदार बसला होता. दिरांनी विचारलं, "दादा, इथून खाली पाणी कुठवर जातं?"

"खाली?" तो हसला. "अहो, समुद्राला खाली कुठलं? आता ओहोटी आहे. भरती लागली की हेच पाणी उलट फिरेल." मग त्याने माझ्याकडे बघितलं. हलकेच म्हणाला, "कोण गेलं?"

दीर वाळूतच बसले. "वहिनी, आता कोणीकडं जावं वो?"

मी मागे बघितलं, पुढे बघितलं. दोन्हीकडे सारखंच पाणी.

आता गावात बाया माझ्या मनगटांकडे बघतात. बांगड्या काढ म्हणत नाहीत, राहू दे म्हणत नाहीत. सासूबाई म्हणतात, "येईल माझं लेकरू. हात रिकामे नको करू."

परवा कासारीण दारात आली. "काहून वो बाई, भरायच्या न्हाईत का औंदा?"

ती पुढच्या दारी जाईपर्यंत मी आत भिंतीला लागून उभी राहिले. जुन्या बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरल्या होत्या.