कोंडवाड्याचं कुलूप

आकाराम माझा शेजारी. पंचगंगेकाठच्या आमच्या गावचा कोंडवाडा त्याच्याकडं. कुणाची म्हैस दुसऱ्याच्या उसात शिरली की ती तिथं कोंडायची, आणि मालकानं पंचायतीची पावती आणल्याशिवाय आकाराम कुलूप काढायचा न्हाय. मग तो आमदाराचा पावणा का असंना. पण जनावरावर माया भारी. उन्हाळ्यात घागरीनं पाणी आणून हौद भरायचा.

आधी असा कडक नव्हता. चौऱ्याण्णव साली पुराचं पाणी कोंडवाड्याच्या भिंतीला लागलं, तवा ह्यानं कुणाला न विचारता दार उघडलं. आठ जनावरं वाचली, एक खोंड सापडलं न्हाय. खोंडाच्या मालकानं फौजदारी केली. पंचायतीनं कागद दिला, लेखी हुकमाशिवाय कुलूप काढायचं न्हाय. खटला मिटंपर्यंत दीड वर्षं आकाराम बिनपगारी घरी बसला आणि बयाबाई, त्याची बायको, लोकाच्या उसात भांगलायला गेली. वाचलेल्या आठ जनावरांचा एक बी मालक साक्षीला आला न्हाय. त्यातली एक गाय माझी हुती.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक बी फुंकून पितो. दोन हजार पाचचा पूर आला तवा कोंडवाड्यात अकरा जनावरं हुती. त्यात शांतव्वाची चंदरी, आदल्या दिवशीच कोंडलेली. शांतव्वा एकटी बाई, त्या म्हशीच्या दुधावर तिचं घर. पावती करायला गेलती, पण ग्रामसेवक आणि सरपंच दोघं कोल्हापुरात अडकलेले. रस्ता पाण्याखाली, फोन बंद.

सकाळी पाणी घोट्याला, दुपारी मांडीला.

"आकाराम, म्हैस पोहती," शांतव्वा म्हणली. "तू नुसतं दार उघड, तिचं ती बघंल."

"हुकूम आण, आक्का."

"कुठनं आणू? गावात हाय का कोण?"

"मग माझ्या पोटावर का उठतीस?"

तिनं दगड उचलून कुलपावर घातला. आकारामनं तिचा हात पिरगाळला आणि तिला पाण्यातनं फरफटत मागं आणली. आम्ही चाळीस-पन्नास बाप्ये शाळेच्या पायरीवर उभं. आकारामला बाजूला करायला दोघं पुरं हुतं. पण फौजदारी कोण अंगावर घेणार? कुणी हललं न्हाय. मी बी न्हाय. लाज वाटती सांगताना.

पाणी छातीला लागलं तसा आकारामचा धीर सुटला. किल्ली घेऊन गेला, चाचपडत कुलूप काढलं. पण दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि आतनं अकरा जनावरं दाराला भिडलेली. ह्यो बाहेरनं ढकलतोय, ती आतनं ढकलतायत. पाणी चढत गेलं तसं हंबरणं कमी कमी होत गेलं. शेवटी आम्ही दोर टाकून त्याला ओढून काढला. जनावर एक बी वाचलं न्हाय.

चौकशीत आकारामनं पंचायतीचा कागद दाखवला आणि तो निर्दोष ठरला. शांतव्वाला भरपाई मिळाली न्हाय. म्हैस तिच्या ताब्यात नव्हती म्हणं.

पुढच्या मे महिन्यात तालुक्याचा साहेब सभा घ्यायला आला. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. साहेबानं पुराचं नियोजन वाचून दाखवलं. माणसं कुठं हलवायची, जनावरं कुठं बांधायची. मग म्हणला, इशारा मिळाला की कोंडवाडा लगेच मोकळा करायचा.

आकाराम उठला. "साहेब, ह्यो नवा नियम न्हवं?"

"नवा कुठला? अठ्ठ्याण्णव सालापासून आहे. तुमच्या पंचायतीला प्रत दिलेली आहे, पोच आहे माझ्याकडं."

पंचायतीच्या कपाटातनं फाईल काढली. प्रत निघाली. घडी सुद्धा मोडलेली नव्हती. माझं डोस्कं असं फिरलं की ग्रामसेवकाच्या थोबाडीत द्यावी वाटली, पण तो बदली होऊन गेलेला. आकाराम कागद हातात घेऊन उभाच.

मागं बायकांत शांतव्वा बसलेली. म्हणली, "वाच की. मोठ्यानं वाच."

सातवी शिकलेला माणूस, अक्षर लावत वाचायला लागला. "कोंडवाड्याच्या राखणदाराने... कोणाच्याही परवानगीची... वाट न पाहता..."

तिथं तो थांबला.

"पुढं," शांतव्वा म्हणली.