गुलाबाची माफी

एका रमजानात, रोज्याच्या तोंडानं, मी एका बाईची चूल विझवली. तेव्हा मी तरुण होते. साठी नुकतीच उलटली होती. मुलानं आखातातून मोबाइल पाठवला होता आणि आवाजाचा मेसेज करायला मी नव्यानंच शिकले होते. पाठवलेला आपलाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकून खूश व्हायची, अशी शहाणी!

आमच्या मोहल्ल्यातली एक विधवा इफ्तारीसाठी चिकनचे समोसे करून विकायची. त्या एका महिन्याच्या कमाईवर तिच्या दोन मुलींचं शाळेचं वर्ष निघायचं. एका दुपारी ग्रुपवर फोटो आला. टेम्पोत मेलेल्या कोंबड्या, आणि खाली लिहिलेलं, रत्नागिरीत हराम माल उतरतोय, सावध राहा. मला लगेच आठवलं, सकाळी तिच्या दाराशी पांढरा टेम्पो उभा होता. झालं! बटण दाबून धरलं आणि काळजीचा सूर लावला, "बायांनो, समोसे कुठनं घेताय ते बघा हां. मी नाव घेत नाही, पण तिच्या दारात टेम्पो मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

नाव न घेतल्याचं केवढं समाधान! बातमी आली की आधी शहानिशा करा, हे कुराणात सांगितलंय. मोहल्ल्यातल्या पोरींना मीच शिकवत होते. पण ते दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्यांसाठी असावं, असा माझा समज.

त्या दिवशी मगरिबच्या आधी, ऐन रोजा सोडायच्या वेळेला, तिच्या दारात कुणीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या नणंदेचा फोन. "भाभी, तुमचाच आवाज ना हा? इथं सगळ्यांकडे आलाय."

नातीनं शोधून काढलं, फोटो परमुलखातला आणि जुना. टेम्पो शेजारच्या घराची फरशी घेऊन आला होता. कोंबडी ती मशिदीसमोरच्या कसायाकडून घ्यायची. मीही तिथूनच घेते. त्याला विचारायला फक्त चपला घालायच्या होत्या. मी मेसेज पुसला. म्हणजे माझ्या मोबाइलवरचा.

ईदनंतर तिची मोठी मुलगी शाळेच्या वाटेवर दिसेना. कोळंबी सोलायच्या कामाला जायला लागली होती.

रमजानाच्या पंधरा दिवस आधी, शबे-बरातच्या रात्री, आम्ही एकमेकांकडे कहासुना, म्हणजे वर्षभरातलं चुकलंमाकलं, माफ करून घेतो. आता तेही मोबाइलवर, गुलाबाचं चित्र, सगळ्यांना एकदम. पुढल्या वर्षी मीही पाठवलं. तिलाही गेलं.

नात म्हणाली, "दादी, तिलापण गुलाब? लाज नाय वाटत?"

माणसाचा गुन्हा माणसानंच माफ करावा लागतो, हेही मीच पोरींना शिकवलेलं. मग गेले. ती पडवीत तांदूळ निवडत होती.

"चुकले गं, मला माफ कर," मी म्हटलं.

तिनं मला खुर्ची दिली. सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"खाला, मी तेव्हा घराघरात सांगत फिरले, असं काय नाय म्हणून. बायांनी दार उघडलं नाय. आता तुम्ही जा. तुम्हाला उघडतील."