कुंपणाखालचे अकरा बाळ येशू

फिंटन सरळ कधी वागलाच नाही. धंदा छपरं शाकारण्याचा, लग्न केलं नाही, आणि अडुसष्टाव्या वर्षीही शिडीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या खोड्या काढायचा. पाहुण्यांना सांगायचा, माझ्या गाईला फक्त आयरिश कळतं, इंग्रजी ऐकलं की तिचं दूध आटतं. ते बिचारे तिच्याशी हातवारे करत बसायचे. पण एक खोडी त्याच्या चांगलीच अंगाशी आली.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीचं, डेलियाचं, लग्न होतं. आमच्याकडे आदल्या संध्याकाळी प्रागच्या बाळ येशूची मूर्ती कुंपणाखाली ठेवतात, म्हणजे लग्नात पाऊस पडत नाही. ते काम भावाकडे होतं. हा मूर्ती खिशात घालून निघाला तो थेट पबमध्ये. तिथे पत्ते असे लागले की म्हणाला, बाळाचा पायगुण आहे, राहू दे इथेच. दुसऱ्या दिवशी आभाळ फाटलं. नवरीच्या डोक्यावरची जाळी उडून दलदलीत गेली, केकचा लगदा झाला, अकॉर्डियनमधून पाणी ठिबकायला लागलं. डेलियाने भरमांडवात सांगितलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस.

तेव्हापासून अबोला. चर्चमध्ये एकमेकांशी शांतीचा हात मिळवायची वेळ आली, की ही बाई मागे बसलेल्या भावाकडे पाठ करून माझा हात धरायची. मी तिची शेजारीण ना, मग सत्तावीस वर्षं मीच भोगलं.

आता डेलियाची पोरगी एथ्ना लग्नाला उभी राहिली. डब्लिनहून आली ती भलीमोठी यादी घेऊनच. सगळं जुन्या केल्टिक रीतीने हवं. मधाची दारू हवी, नवराबायको भांडले की वाजवायची घंटा हवी, आणि अंगणात दोघांचे हात गवताच्या दोरीने बांधायचे. दोरी वळणार मामा, बांधणारही मामाच. डेलिया म्हणाली, तो आला तर मी नाही. पोरगी म्हणाली, मामा नाही तर लग्नच नाही. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, अशी ही सगळी अवलाद.

शेवटी मध्यस्थी माझ्याच गळ्यात पडली. मी फिंटनकडे गेले, तर त्या दिवशी या बाबाला एकही विनोद सुचेना. हातातलं गवत तसंच राहिलं.

"ऑनर, लग्नात ऊन पडलं तर ती मला आत घेईल का गं?"

मला काय ठाऊक, म्हटलं. पण घरी येताना माझा जीव तुटत होता.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी माझ्या खिडकीतला बाळ येशू गायब झाला. सकाळी अख्खं गाव तीच तक्रार घेऊन डेलियाच्या दारात उभं. कुंपणाखाली तिने स्वतः ठेवलेल्या मूर्तीशेजारी आणखी दहा ओळीने उभ्या होत्या. एकाला डोकं नव्हतं, एकाला लोकरीची टोपी घातली होती, आणि मानेला चिकटपट्टी लावलेला तो माझा. हे कुणाचं काम, ते विचारायची गरजच नव्हती. आम्ही हसतोय तोवर पहिला थेंब पडला. दहा मिनिटांत असा पाऊस लागला की अंगणातल्या खुर्च्या तरंगायच्या बाकी राहिल्या.

फिंटन फाटकाबाहेर उभा होता, नखशिखांत भिजलेला, दोरी छातीशी धरून. डेलिया छत्री घेऊन त्याच्यासमोर गेली. आता ही शिव्या घालणार, असंच आम्हाला वाटलं.

"गावात एकही सोडला नाही गं मी," तो म्हणाला.

तिने अकराही मूर्तींकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"अकरा ठेवूनही पडला."

"हो."

"म्हणजे तेव्हाही पडलाच असता."

डेलियाने छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

"आत ये मेल्या. दोरी भिजतेय."

हात स्वयंपाकघरात बांधले. गाठ त्याने मुद्दाम अशी मारली की सुटेचना, आणि जोडप्याने केक डाव्या हाताने खाल्ला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये शांतीचा हात मिळवायची वेळ आली. मी सवयीने हात पुढे केला, तर तो तसाच रिकामा राहिला. डेलिया मागे वळली होती. पाद्री दोनदा खाकरले, तरी तिने भावाचा हात सोडला नाही.