धुतलेला मस्का

माझ्या व्याह्याएवढा हेकट माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि हे मी सांगतोय, ज्याला घरचे दगड म्हणतात. कुंभवलीला राहतो. सगळा जन्म कारखान्यात गेला, आता मूत्रपिंडं थकलीत. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, त्या दिवशी या गृहस्थाने मिठाची बरणी शेजारणीला देऊन टाकली आणि साऱ्या आळीला ओरडून सांगितलं, "आपण मीठ सोडलं!" दुसऱ्या दिवशी सकाळी बसला पावाला बोटभर मस्का फासून. खारा, पिवळा, दुकानातला. वर चीजचा लेप. मला म्हणतो, "डॉक्टर मीठ नको बोलला. मस्क्याचं नाव तरी काढलं का त्याने?" चिमटीत धरता येत नाही ते याच्या लेखी मीठच नव्हे. पाय सुजले, तर म्हणे चपला आखडल्या. मोठ्या मापाच्या आणल्या आणि वर मलाच दाखवतो, "कशा मस्त बसल्या, बघा!"

माझी मुलगी त्या घरात दिलीय. तिचा फोन आला, "बाबा, हे कोणाचं ऐकत नाहीत. तुम्हीच या." गेलो. बघतो तर काय, हा परातीत पाणी घेऊन मस्का चोळचोळून धुतोय!

"हे काय चाललंय?"

"खारे बोंबील धुतले की खारटपणा जातो ना? मग मस्क्याने काय पाप केलंय?"

मी बोटावर घेऊन चाखला. "खारट हाय अजून!"

"तुमची जीभच खारट."

तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच धरून डॉक्टरांकडे नेला. डॉक्टर म्हणाले, "काका, धुऊन किती मीठ गेलं आणि किती उरलं, हे कोण सांगणार? खारा मस्का नको, चीज नको. बिनमिठाचं लोणी खा, तेही मी सांगेन तेवढंच. असंच चालू ठेवलंत तर डायलिसिसच्या मशीनवर बसावं लागेल." आणि त्या मस्क्याच्या डबीवाल्यांना तरी काय म्हणावं? वर गायीचं चित्र हे एवढं मोठं, आणि मिठाचा आकडा मुंगीच्या पायाएवढा. मी चौथी शिकलेला, पण वाचता येतं मला. चष्मा लावूनही दिसेना!

आता सफाळ्याहून, आमच्या घरून, ताजं लोणी मीच पोचवतो. परवा दोघे जेवायला बसलो. भाकरी अळणी, भाजी अळणी, वर पेरभर लोणी. हा मुकाट्याने चावत होता. हा, आणि मुकाट! मला त्याचाच राग आला. म्हटलं, "भांडा की जरा."

त्याने सुनेकडून लोणचं मागवलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "तुमी घ्या. तुमचं काय बिघडलं नाय अजून."

"मला नको."

"घ्या हो. उगाच माझ्यापायी."

मी हात लावला नाही. मग त्यानेच झाकण उघडलं, डोळे मिटून वास घेतला, आणि झाकण घट्ट लावून बरणी सुनेच्या हातात दिली.