मोठ्यांना भेटी नाहीत

हातात ग्रेव्हीचं भांडं असताना माणसानं हातवारे करून गोष्ट सांगू नये. मी सांगत होतो. नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण, स्वयंपाकघरात मी, आणि गोष्ट होती आमच्या टायरच्या दुकानात येऊन चार टायरांऐवजी तीनच बदला म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची. ऐन रंगात भांडं कलंडलं आणि पाव लिटर गरम ग्रेव्ही ओट्यावर उघड्या पडलेल्या लॉरेनच्या वहीवर गेली.

लॉरेन म्हणजे माझा थोरला भाऊ स्टॅन याची बायको. स्टॅन जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ती इथे एरी शहरातल्या एका शाळेच्या खानावळीत वाढायला असते. उन्हाळ्यात शाळा बंद, की पगारही बंद. अशा पगारात ती दर नाताळाला सगळ्या घराला एका टेबलाशी बसवायची. ते कसं, हे ती वही जाणे.

"वॉल्ट, तुला देवानं दोन हात दिले हीच त्याची चूक," ती म्हणाली. "पुसून काढ ती. एकेक पान. आणि वाचू नकोस."

आता 'वाचू नकोस' म्हटल्यावर जो वाचत नाही, तो आमच्या घराण्यातला नव्हे.

लॉरेनचा नाताळ सव्वीस डिसेंबरला सुरू व्हायचा. म्हणजे पुढच्या वर्षीचा. त्या दिवशी सकाळी सातला, गुडघाभर बर्फात, निम्म्या किमतीतला रंगीत कागद घ्यायला ती दुकानाच्या दाराशी उभी असायची. पगाराच्या प्रत्येक शुक्रवारी त्यातले बारा डॉलर पतपेढीतल्या नाताळच्या खात्यात जायचे. त्याला हात लावायचा नाही, दात दुखला तरी नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते एकदम हातात पडायचे. टर्की तर ती विकत घेतच नसे. आमच्या वाणसामानाच्या दुकानात ठरावीक खरेदी झाली की टर्की फुकट मिळते, आणि खरेदी फोन नंबरावर मोजतात. म्हणून लॉरेननं सगळ्या आळीला आपला नंबर देऊन ठेवला होता. बायकोचा वाढदिवस लक्षात नसलेले पुरुष गल्ल्यावर उभं राहून लॉरेनचा नंबर घडाघडा म्हणायचे.

आणि भेटी. कुणी फेब्रुवारीत सहज बोलून जावं, 'गाडीत पाय फार गारठतात बुवा.' बोलणारा विसरायचा. लॉरेन वहीत लिहायची, आणि जुलैतल्या सवलतीत, लोक घामानं भिजलेले असताना, लोकरीचे मोजे शोधत हिंडायची. नाताळच्या सकाळी त्या भेटी एकेक करून उघडायच्या, सर्वांत लहानापासून, आणि बाकी सगळ्यांनी बघायचं. एकदम फाडाफाडी चालायची नाही. तीन तास लागायचे. तिच्यासाठी नाताळ म्हणजे ते तीन तास. बाकी टर्की-बिर्की नुसतं निमित्त.

हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. पण मी चोवीस तारखेच्या संध्याकाळी पेट्रोलपंपावरच्या दुकानातून सगळ्यांना एकसारख्या विजेऱ्या घेणारा माणूस. मला वाटायचं, जग असंच चालतं.

तर मी पान पुसलं आणि वाचलं. आमची सगळ्यांची नावं, प्रत्येकापुढे एक वस्तू, एक आकडा, आणि एक बरोबरची खूण. खाली बेरीज, अकराशे चाळीस डॉलर. शाळेत उकडलेले बटाटे वाढणारी बाई महिन्याभरात अकराशे डॉलर उधळणार? आमच्यासाठी? बरोबरच्या खुणा मला दिसल्या. त्यांचा अर्थ मात्र मी माझ्या पद्धतीनं लावला. म्हटलं, शाळेतली बाई, खुणा करायची सवय असेल.

जेवायला बसलो. मी चमच्यानं ग्लास वाजवला.

"मंडळी, मला काही बोलायचंय."

"अंकल वॉल्ट, कपड्यांवर सांडणार नसेल तर बोला," कर्टिस म्हणाला. हा लॉरेनचा मुलगा, कोलंबसला असतो.

"या वर्षापासून मोठ्यांना भेटी नाहीत. फक्त पोरांना. सगळ्यांचेच दिवस ओढगस्तीचे आहेत. प्रेम काय खोक्यात भरून द्यावं लागतं?"

हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा म्हटलं.

सगळे एकदम मोकळं हसले. मग कर्टिसनं टेबलावर थाप मारली. "तुमच्या तोंडात साखर पडो! कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं."

"देवा रे," जनीन म्हणाली. ही लॉरेनची मुलगी, टल्साहून विमानानं आलेली. "मी कालच रडकुंडीला आले होते, कुणाला काय घ्यायचं म्हणून. आई, तुलाही बरंच ना? तुझीही दगदग वाचेल."

सगळे लॉरेनकडे वळले. ती बटाट्यांचं भांडं घेऊन उभी होती.

"बरं," ती म्हणाली. "बटाटे कुणाला?"

मी दोनदा घेतले. वहिनीचे अकराशे डॉलर वाचवल्याच्या आनंदात माणसाला भूक लागते.

त्या नाताळाला भेटी उघडून व्हायला पंचवीस मिनिटं लागली. पोरं तीन होती. साडेअकराला मोठी माणसं एकमेकांकडे बघत बसली. जेवण झालं आणि कर्टिस म्हणाला, "बर्फ पडायच्या आत निघावं म्हणतो." आकाश निरभ्र होतं. दोन वाजता घर रिकामं झालं. लॉरेन म्हणाली, "लवकर आवरलं या वर्षी," आणि खुर्च्या मिटायला लागली.

एप्रिलमध्ये चर्चच्या सोडतीत मला हातमोजे लागले. साधे नव्हेत, आत तारा असलेले, बटन दाबलं की तापणारे. गंमत म्हणजे माझ्या मापाचे. माझे पंजे असे आहेत की दुकानदार मापाची पट्टी बाजूला ठेवून आधी हसून घेतात. मी तडक लॉरेनकडे गेलो.

"बघ! आयुष्यात पहिल्यांदा नशीब उघडलं. आणि मापाचे, लॉरेन! योगायोग बघ!"

ती शाळेतल्या कामाचा गणवेश इस्त्री करत होती. बघून म्हणाली, "बसतात ना नीट? मग झालं."

पुढच्या रविवारी सोडतीचं काम बघणाऱ्या बाईनं मला गाठलं. "लॉरेनच्या खोक्यातले तुलाच मिळाले म्हणायचे! पूर्ण खोकं दिलं बघ बाईनं. आठ वस्तू, सगळ्या नव्याकोऱ्या. म्हणाली, दुकानं आता परत घेत नाहीत."

मी गाडीत जाऊन बसलो. हातमोजे काढले. आता कुठे ती बरोबरची खूण मला वाचता आली. नावापुढे खूण म्हणजे वस्तू घेऊन झाली, पैसे देऊन झाले, आणि ती पलंगाखाली कागदात गुंडाळून ठेवली आहे. मी तिचा एक डॉलरही वाचवला नव्हता. अकरा महिन्यांचं काम तिला सोडतीसाठी चर्चच्या तळघरात नेऊन ठेवायला लावलं होतं.

त्याच दिवशी जाऊन माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी तिच्या गाडीचे चारही टायर फुकट बदलून दिले. ती म्हणाली, "जुने चांगले होते की." मी म्हटलं, "हे जास्त चांगले आहेत." आमच्या घराण्यात पुरुष याहून जास्त बोलत नाहीत.

दुसऱ्या वर्षी जनीन आली नाही. तिकिटं महाग होती, आणि फोनवर चेहरे दिसतातच. कर्टिस आदल्या दिवशी दोन तास येऊन गेला. मी सगळ्यांना फोन केले, 'पुन्हा भेटी सुरू करू या' म्हणून. "अंकल वॉल्ट, आता कुठे सवय लागलीय," कर्टिस म्हणाला. "आणि तुम्हीच तर म्हणाला होतात, प्रेम काय खोक्यात..." मी फोन ठेवला. आपलं आवडतं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासारखी शिक्षा नाही.

या वर्षी, तिसऱ्या नाताळाला, टेबलाशी आम्ही दोघंच. आळी अजून तिचाच नंबर सांगते, त्यामुळे टर्की फुकट आली होती, बारा माणसांना पुरेल एवढी. जनीनचा फोन येऊन गेला. पोरांनी पडद्यावर हात हलवले, मग कुणीतरी मागून हाक मारली आणि पडदा काळा झाला. लॉरेननं फोन उपडा ठेवला आणि माझ्या ताटात पिएरोगी, त्या बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या. मला आणखी गप्प बसवेना.

"लॉरेन, त्या सोडतीतलं मला कळलंय. कधीचंच कळलंय. चूक माझी. पण तू एक शब्द बोलायचा होतास गं. 'गाढवा, सगळं घेऊन झालंय,' एवढं म्हणाली असतीस तर मी तिथल्या तिथे शब्द मागे घेतला असता. का नाही बोललीस?"

तिनं टर्कीचा तुकडा कापला, माझ्या ताटात ठेवला आणि सुरी पुसली.

"तुम्ही सगळे किती सुटल्यासारखे हसलात, ते मी बघितलं, वॉल्ट."